मिलानची झांज

रेकॉर्डिंगमधली कर्कश झांज ताब्यात आणायची असेल, तर आधी ती आणखी कर्कश करावी लागते. हे ऐकून लोक हसतात, पण पद्धत तीच आहे. आवाजाच्या कंपनसंख्यांचा एक बारीक पट्टा घ्यायचा, तो मुद्दाम वर उचलायचा आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर हळूहळू सरकवत न्यायचा. एका जागी दात आंबतात. ती जागा सापडली की तोच पट्टा तिथेच खाली दाबायचा. तोही सरसकट नाही, झांज भडकते तेवढ्यापुरता. सगळीकडे दाबला तर गाणारीचा आवाज रजईखालून आल्यासारखा येतो, कारण तिच्या ‘स’ आणि ‘श’चं घरही त्याच गल्लीत असतं.

ड्रमर मिलान प्रेबिचच्या मोठ्या झांजेची ती जागा चार हजार दोनशे हर्ट्झला होती. अठरा इंची झांज, डुलुथ शहरातल्या एका हॉटेलच्या बँडकडून कधीतरी जुनी घेतलेली. काठाला चीर गेली म्हणून बोटभर तुकडा कानशीने घासून काढलेला, त्यामुळे वाजताना ती आधी ‘त्स’ करायची आणि मग पसरायची. अशी झांज लोखंडाच्या खाणींच्या या अख्ख्या पट्ट्यात दुसरी नव्हती, आणि नव्हती हे उत्तमच होतं. सव्वीस वर्षं मी तिच्याशी भांडलो. मिलानशीही भांडलो, पण त्याच्याशी भांडण्यात मजा नव्हती. तो नुसता हसायचा.

मी रॉय कंगास. तीस वर्षं खाणीत इलेक्ट्रिशियन होतो. वायरींशी खेळायची खोड होतीच, त्यामुळे चिझममधल्या ‘स्लोवेनियन होम’ या त्या समाजाच्या हॉलमध्ये जी काही मैफल होईल तिचं रेकॉर्डिंग माझ्या गळ्यात पडलं, ते आजतागायत पडलेलं आहे. मी जातीचा फिन, फिनिश वंशाचा. शंभर स्लोवेनियन लोकांत चेष्टेला एक फिन सापडला की त्यांची जेवणं छान पचतात.

“फिनी, तुझे कान सौनाच्या वाफेत उकडलेत,” मिलान म्हणायचा. “झांज बरोबर आहे.”

हॉलही माझ्या विरोधात होता. वर जुनं पत्र्याचं नक्षीदार छत, खाली लिनोलियम, आणि स्टेज एवढं अरुंद की ड्रम मागच्या रंगवलेल्या पडद्याला टेकायचे. पडद्यावर त्यांच्या मायदेशातलं तळं आणि मधोमध बेटावरचं देऊळ. मिलानच्या पुढे जेमतेम दोन फुटांवर त्याची बायको अल्बिना उभी राहून गायची, आणि शेजारी बर्नी कोचेवार बटणांची पेटी, म्हणजे अकॉर्डियन, वाजवायचा. अल्बिनाच्या माइकमध्ये जेवढी अल्बिना यायची तेवढीच झांज यायची. शंभरदा सांगितलं की ड्रम बाजूला सरकव. तर म्हणे, नवरा-बायको लांब बसले तर लोक काय म्हणतील?

ऑक्टोबरात त्यांची नेहमीची मैफल झाली. नोव्हेंबरात पहिलं मोठं बर्फ पडलं, त्या सकाळी मिलान गराजच्या दारात फावडं हातात धरून खाली बसला आणि उठलाच नाही. ब्याऐंशी वर्षांचा होता. शवपेटीची एक कडी माझ्या हातात होती. चर्चच्या पायऱ्या उतरताना मला रडू आवरेना, तेव्हा बर्नीने खिशातून रुमाल काढून दिला. तो त्याची बटणांची पेटी पुसायचा रुमाल होता आणि त्याला तेलाचा वास येत होता. मिलानला ही गोष्ट सांगायला हवी असं मला वाटलं, आणि मग आणखी रडू आलं.

जानेवारीत अल्बिना माझ्याकडे आली. माझं काम तळघरात चालतं. एका बाजूला सौना, दुसऱ्या बाजूला टेबल, दोन स्पीकर आणि टेपांची कपाटं. अक्रोडाची पोतित्सा, त्यांचा भरलेला गोड पाव, फडक्यात गुंडाळून आणली होती. तिने ती स्पीकरवर ठेवली. मी तिथून उचलून टेबलावर ठेवली. हे आमचं वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे.

“फेब्रुवारीत हॉलचं सारमा-जेवण आहे,” ती म्हणाली. “तिथे शेवटची मैफल सगळ्यांना ऐकवायची आणि प्रत्येक घरी एकेक प्रत द्यायची, असं ठरलंय.”

“होऊन जाईल.”

“या वेळी माझा आवाज ऐकू येऊ दे, रॉय. पन्नास वर्षं हा माणूस माझ्या मानेमागे भांडी आपटत आलाय.”

“ती झांज आहे, अल्बिना.”

“भांडी आपटल्याचा आवाज मी ओळखते. घासते मीच.”

आम्ही दोघं हसलो. मग तिने कोटाची बटणं लावायला घेतली आणि एक बटण हातात धरून थांबली.

“त्याच्याशिवाय आता मी गाणार नाही. म्हणजे ही माझी शेवटची. लोकांच्या घरात मी नीट राहिले पाहिजे. धड गाणारी बाई म्हणून. एवढं करशील?”

करतो म्हणालो. ती बाई मला बहिणीसारखी आहे. तिने सौनाची भट्टी उचलून आणायला सांगितली असती तरी मी हो म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बसलो. गाणी सोळा. ड्रमच्या वर टांगलेल्या दोन माइकांचा आवाज खाली आणला, अल्बिनाच्या माइकवर चार हजार दोनशेचा पट्टा दाबला, आणि जिथे झांज त्यातूनही उसळत होती ते घाव एकेक करून हाताने उतरवले. एक गोष्ट तेव्हाच खटकली. झांज भलत्याच ठिकाणी वाजत होती. धृपदाच्या तोंडाला वाजायची ती ओळीच्या मध्येच, काही कारण नसताना, आणि तीही मिलानच्या नेहमीच्या जोरापेक्षा दुप्पट जोरात. म्हातारा झाला होता, हात सुटत असेल, असं म्हणून मी पुढे गेलो. तीन दिवसांत काम झालं. अल्बिना पुढे आली, झांज मागे गेली. फार सुंदर लागलं.

चौथ्या दिवशी कॉफी घेऊन ऐकायला बसलो, तर तिसऱ्या गाण्यात झांज खाडकन कानात शिरली.

काम सेव्ह करायला विसरलो असणार. पुन्हा उतरवली, सेव्ह केलं, दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवली. पुढच्या सकाळी तिसऱ्या गाण्यात झांज होती तिथेच होती. प्रत लावली. त्यातही होती. मग मी कागद-पेन्सिल घेतली, कारण खाणीत मी हेच शिकलो: फ्यूज वारंवार जातो तेव्हा देवाचं नाव घेऊ नका, कुठला जातो ते लिहून काढा.

सोळा गाण्यांत झांजेचे चारशेच्या वर घाव होते. बाकीचे सगळे मी ठेवले तसे मुकाट्याने खाली बसलेले. परत यायचे ते अकरा. रोज तेच अकरा. मी पाच सकाळी तपासलं, दोन वेगवेगळ्या लॅपटॉपवर. आवाजाचा फेडर खालीच असायचा, पट्टा दाबलेलाच असायचा, आणि आवाज पुरेपूर यायचा. आधी ‘त्स’, मग पसरणं.

माझेच कान उकडले असतील म्हणून मी बर्नीला प्रत पाठवली आणि काहीही सांगितलं नाही. त्याचा फोन तासाभरात आला.

“मस्त झालंय रे. अल्बिना अगदी समोर बसल्यासारखी वाटते.”

“झांज?”

“ठीक आहे. मधे मधे बोंबलते. दहा-अकरा ठिकाणी. ती तेवढी काढ की.”

अलीकडे एक प्रोग्रॅम निघालाय. एकत्र मिसळलेल्या आवाजातून गाणं वेगळं, पेटी वेगळी, ड्रम वेगळे असं काढून देतो. मला तो आवडत नाही. सूपमधून मीठ परत काढण्याचा प्रकार वाटतो. पण हात टेकले होते. तिसरं गाणं त्यात घातलं, ड्रम पूर्ण काढून टाकले आणि नुसती अल्बिना ऐकली.

ते गिरणीवालीचं गाणं होतं, तिच्या आईने शिकवलेलं. अल्बिनाच्या तोंडून मी ते निदान दोनशे वेळा ऐकलं असेल. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीत, झांज होती त्या जागी, अल्बिना गातच नव्हती. तिने ओळ सुरू केली होती आणि ती मध्येच तुटली होती. मग एक श्वास. मग अगदी हळू, स्वतःशीच, “काय ते...” आणि मग पुढच्या ओळीपासून गाणं पुन्हा सुरळीत.

मी हेडफोन काढून ठेवले. थोड्या वेळाने पुन्हा घातले आणि उरलेल्या दहा जागा ऐकल्या. कुठे शब्दांऐवजी नुसतं गुणगुणणं. कुठे आधीचीच ओळ पुन्हा. सातव्या गाण्यात ती स्वतःच्या गावाच्या नावाशी येऊन थांबली होती. अकराही ठिकाणी त्या खड्ड्यावर मिलानने झांज अंथरली होती, आणि हॉलमधल्या तीनशे माणसांना त्याचा पत्ता नव्हता. मी स्वतः स्टेजपासून पंधरा फुटांवर बसून त्या रात्री वहीत लिहिलं होतं: ‘मिलान आज फार आपटतोय.’

त्या म्हाताऱ्यावर एवढं प्रेम मला तो जिवंत असताना कधी वाटलं नव्हतं.

नंतर मी एक तांत्रिक गोष्ट तपासली, आणि तिथे जरा अडखळलो. तिचा शब्द जिथे तुटतो आणि झांज जिथे सुरू होते, ते दोन्ही पडद्यावर एकाखाली एक लावले. झांज आधी होती. पाव सेकंदाने, पण आधी. अकराच्या अकरा वेळा. ती अजून नीट गात असताना त्याची काठी खाली आलेली होती. श्वासावरून कळत असेल, मी स्वतःला सांगितलं. पन्नास वर्षांचा संसार होता.

कपाटातली जुनी रेकॉर्डिंग्ज काढली. आदल्या वर्षी असे घाव सात. त्याच्या आदल्या वर्षी तीन. त्याआधी एकही नाही.

बर्नीला मी सकाळी बेकरीत गाठलं आणि सगळं सांगितलं. घाव परत येतात तेवढं सोडून. तो खूप वेळ कॉफीत चमचा फिरवत राहिला. बर्नी कॉफीत काही घालत नाही.

“मी त्या दिवशी बोललो होतो त्याला,” तो म्हणाला. “मधल्या सुट्टीत. म्हटलं, बाई गातेय की तू गातोयस?”

“मग?”

“म्हणाला, तू तुझी पेटी वाजव.”

“एवढंच?”

“एवढंच. आणि माझ्या बशीतला केकचा तुकडा उचलून खाल्ला.” बर्नीने नाक पुसलं. “रॉय, ते अकरा तू काढायचे नाहीत. कळलं?”

ते मला काढता येत नाहीत, हे मी त्याला सांगितलं नाही.

त्या दिवशी मी ठरवलं. बाकी सगळी झांज जिथल्या तिथे, मऊ. ते अकरा घाव मिलानने वाजवले तसे. अल्बिनाने विचारलं तर सांगायचं, फिनचे कान, त्याला काय कळतं. धड गाणारी बाई म्हणून तिला लोकांच्या घरात राहायचं होतं, आणि त्याचा हाच एक मार्ग होता. मी असं ठरवल्यापासून फाइलीत काहीही बदललं नाही. दाबलेलं दाबलेलं राहिलं. महिनाभर मागे लागलेलं दुखणं एकदम जावं तसं झालं, आणि मला जरा चुकल्यासारखंही वाटलं.

सारमा-जेवण, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं जेवण, रविवारी दुपारी झालं. बाहेर उणे वीस, आत कोबीचा आणि ओल्या लोकरीचा वास. रेकॉर्डिंग लावलं. लोक खाता खाता थांबले. अल्बिना हातांची घडी घालून ऐकत होती आणि प्रत्येक मोठ्या घावाला मान हलवून “बघा, बघा” म्हणत होती. बायका डोळे पुसत हसत होत्या.

मग कुणीतरी म्हणालं, एक गा ना. ती नाही म्हणाली. बर्नीने पेटीचा पट्टा खांद्यावर घेतला, आणि ती उठली.

मी दोन माइक लावलेले होते, सवयीने. स्टेजवर ड्रम नव्हते. मिलानचे ड्रम अल्बिनाच्या गराजमध्ये होते, आणि झांज तिच्या कातडी पिशवीत. अल्बिनाने गिरणीवालीचं गाणं घेतलं. दुसऱ्या कडव्यात ती तिसऱ्या ओळीशी आली आणि तिचे ओठ थांबलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. बर्नीनेही पाहिले. मग ती पुढे गाऊ लागली, गाणं संपलं, आणि लोकांनी टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं.

माझ्या शेजारी बसलेल्या बाईला मी विचारलं, “मधे थोडी थांबली, नाही?”

“कुठे?” ती म्हणाली. “काय गोड गायली!”

मी आणखी तिघांना विचारलं. कुणालाच खंड पडलेला जाणवला नव्हता.

सोमवारी सकाळी ते रेकॉर्डिंग लावलं. पेटी, अल्बिना, काटे-चमच्यांचे आवाज, कुणाचा तरी खोकला. दुसरं कडवं. तिसऱ्या ओळीवर झांज वाजली.

स्वयंपाकघरात झाकण पडलं असेल, असं मी मोठ्याने म्हणालो. तळघरात मी एकटाच होतो. मग पट्टा घेतला, वर उचलला, सरकवत नेला. दात आंबले ते चार हजार दोनशेला. आधी ‘त्स’, मग पसरणं. तिचा शब्द तुटायच्या पाव सेकंद आधी.

मी जेवलो नाही. दुपारी रेकॉर्डर खिशात टाकून अल्बिनाकडे गेलो. रेकॉर्डर का घेतला, सांगता येणार नाही. प्लंबर पाना घेऊन निघतो तसा घेतला असेल. तिने कॉफी ओतली, समोर बसली आणि मेणकापडावरचे तुकडे तळहाताने गोळा करत म्हणाली,

“किती आहेत?”

“काय किती?”

“मी विसरते, रॉय. येडी नाहीये.”

मी सांगितलं. अकरा.

“मला नऊ वाटले होते.” तिने तुकडे बशीत झटकले. “म्हणजे दोन ठिकाणी मी विसरले हेही विसरले.”

“तुला ठाऊक होतं?”

“झांज वाजली की कळायचं, आता जाणार. मग शब्द जायचा. आधी ती, मग मी. एकदा भांडले मी त्याच्याशी. म्हटलं, तू वाजवतोस म्हणून मी विसरते, बंद कर. तर म्हणाला, बिना, मी वाजवत नाही. हातच उठतो. माझ्या आधी उठतो.”

फ्रिज घुमत होता. मी कालच्या टेपबद्दल सांगितलं. ती घाबरेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं,

“तुला हॉलमध्ये ऐकू आली?”

“नाही. कुणालाच नाही. फक्त टेपवर आहे.”

“मला पण नाही आली.” तिचा चेहरा बदलला तो तेव्हा. “म्हणजे आता मला कळणारच नाही, कधी गेलं ते. तो सांगतोय, आणि मला ऐकू येत नाहीये.”

मी टेबलावरून तिचा हात धरला. ती रडली थोडी, मग नाक शिंकरलं आणि नेहमीची झाली.

“डुलुथच्या डॉक्टरनी एप्रिलची तारीख दिलीय. तोवर मला नुसतं बसवणार नाही. तो डबा आणलायस ना खिशात? चालू कर. आपण नेहमीसारखं बोलू. उद्या ऐक, मोज, आणि मला सांग. दर सोमवारी. खरं सांगायचं, फिनी. माझ्यावर दया नको.”

तिने मला फिनी कधीच म्हटलं नव्हतं. ते मिलानचं होतं. मी रेकॉर्डर चालू करून साखरेच्या भांड्याला टेकवला.

आम्ही चाळीस मिनिटं बोललो. तिने मिलान पहिल्यांदा भेटला ती गोष्ट सांगितली, त्याने तिच्या वडिलांच्या गाडीला धडक दिली होती. मी खाणीतल्या गमती सांगितल्या. माझ्या मुलीची चौकशी केली तिने. हसलो खूप. निघताना तिने मला दारात घट्ट मिठी मारली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मला वाटलं, एकटी आहे बिचारी.

आज सकाळी ते ऐकलं.

पहिला घाव सहाव्या मिनिटाला. ती तिच्या धाकट्या भावाचं नाव शोधत होती. अगदी हलका, काठीच्या टोकाने वाजवल्यासारखा. स्वयंपाकघरात वाजवावा तेवढाच. दुसरा चौदाव्या मिनिटाला, ‘किटली’ या शब्दावर. तिसरा बावीसला. मी कागदावर रेघा मारत होतो. मला भीती वाटत नव्हती, हे खरंच सांगतो. तो तिच्याजवळ आहे, एवढंच वाटत होतं, आणि बरं वाटत होतं.

चौथा घाव एकतिसाव्या मिनिटाला आहे.

तिथे अल्बिना बोलत नाहीये. तिने विचारलंय, “तुझी मुलगी काय म्हणते?” आणि मी उत्तर देतोय.

ते बोलणं मला स्वच्छ आठवतं. मी सांगितलं की ती विनिपेगला असते, नवीन घर घेतलंय, जुलैत इकडे येणार आहे. भडाभडा बोललो मी. कुठेही अडलो नाही.

टेपवर माझा आवाज म्हणतो, “जुलैत येणार आहे, आमची...” आणि झांज वाजते.

मी प्रोग्रॅम उघडला. झांज पूर्ण काढली आणि खाली काय आहे ते ऐकलं.

खाली काही नाही. फ्रिज. साडेसहा सेकंद.

मग अल्बिना, अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं: “आयली.”

मग माझा आवाज, काही घडलंच नाही अशा सुरात: “हां, आयली. जुलैत येणार आहे.”

मी ते तीनदा ऐकलं. मग झांज होती तशी परत ठेवली.

दहा वाजता अल्बिनाला फोन केला. पहिल्याच घंटेला उचलला तिने.

“किती?”

“तीन,” मी म्हणालो.

तिच्याकडचा फ्रिज मला फोनवर ऐकू येत होता.

“तीन,” ती म्हणाली. “बरोबर. तीनच असतील.” आणि मग, फार मायेने, “पुढच्या सोमवारी गाडी घेऊन येऊ नकोस हं, रॉय. बर्नीला सांगते तुला घेऊन यायला. रस्ते निसरडे आहेत.”

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. ऊन पडलं होतं आणि रस्ता ठणठणीत कोरडा होता.